वादळाचं पाणी गावात कुठवर येईल? कोकण किनाऱ्यासाठी नकाशा आणि मॉडेलिंगची कृती

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. नेहमीच्या भरतीच्या वर मुंबई, ठाणे, रायगडात १ ते २ मीटर पाणी चढू शकतं, असा हवामान खात्याचा इशारा होता. वाऱ्याने नारळी-पोफळी आडव्या केल्या, घरांचे पत्रे उडवले. समुद्राचं पाणी मात्र त्या मानाने आत शिरलं नाही.

त्या दिवशी सूर्योदयाला ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: बाराची पाऊणपट नऊ. प्रत्यक्ष भरती दहाच्या सुमारास होऊन गेली होती, आणि वादळ आलं तेव्हा ओहोटी निम्म्यावर आली होती. हेच वादळ दोन दिवसांनी, वटपौर्णिमेला, त्याच वेळेला आलं असतं तर थेट उधाणाच्या भरतीवर आलं असतं. 'निसर्गात पाणी आलं नाही, म्हणजे आपल्याकडे येत नाही' हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

स्टॉर्म सर्ज, म्हणजे वादळाने भरतीच्या वर चढवलेलं पाणी, कुठवर येईल याचा नकाशा कसा करायचा, ते इथे सांगतो. उदाहरणासाठी अलिबाग ते श्रीवर्धन हा पट्टा घेतला आहे. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत सॉफ्टवेअरची तोंडओळख, एक बरा संगणक आणि गावात फिरायची तयारी एवढं असलं की सुरुवात होते. सगळ्यांचं लक्ष संगणकावरच्या मॉडेलकडे असतं, पण नकाशा फसतो तो बहुतेक वेळा मॉडेलच्या आधीच्या दोन गोष्टींत: शून्य पातळी आणि जमिनीची उंची. त्यामुळे त्यांच्यावर जास्त जागा खर्च करतो आहे.

आधी प्रश्न ठरवा

नकाशा कशासाठी हवा आहे, ते एका वाक्यात लिहून काढा. 'वादळाच्या आदल्या दिवशी कुठल्या आळ्या रिकाम्या करायच्या' हा एक प्रश्न. 'नव्या शाळेचं जोतं किती उंच घ्यायचं' हा दुसरा. 'खारबांधाची उंची पुरेशी आहे का' हा तिसरा. पहिल्याला अर्ध्या मीटरची चूक चालते, दुसऱ्याला चालत नाही. तिसऱ्याला बांधावरून पाणी किती वेळ वाहतं हे लागतं, म्हणजे नुसता नकाशा पुरत नाही, काळानुसार चालणारं मॉडेल लागतं. तिन्ही प्रश्नांना एकच नकाशा देणारे अहवाल मी पाहिले आहेत. ते कपाटात राहतात.

शून्य कुठे आहे?

भरतीच्या कोष्टकात मुंबईला ४.४२ मीटर असा आकडा दिसला, तर तो समुद्रसपाटीपासून मोजलेला नसतो. तो चार्ट डेटमपासून, म्हणजे खोल ओहोटीच्या जवळ धरलेल्या शून्यापासून मोजलेला असतो. अपोलो बंदराची पातळी-यादी अशी आहे: उधाणाची सरासरी भरती ४.४२, भांगाची (अष्टमीच्या आसपासची, लहान) सरासरी भरती ३.३०, सरासरी समुद्रपातळी २.५१, भांगाची सरासरी ओहोटी १.८६, उधाणाची सरासरी ओहोटी ०.७६.

म्हणजे सरासरी समुद्रपातळीपासून पाहिलं तर उधाणाची भरती ४.४२ वजा २.५१, म्हणजे १.९१ मीटर. तुमचा उंचीचा नकाशा समुद्रसपाटीपासून असेल आणि त्यात तुम्ही ४.४२ घातलं, तर कुठल्याही वादळाशिवाय अडीच मीटर जादा पाणी गावात शिरतं. निम्मा तालुका निळा झालेला नकाशा दिसला की पहिली शंका इथे घ्यावी.

गोंधळ इथेच संपत नाही. उपग्रहावरून मिळणारी उंची जिऑइडच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणावरून काढलेल्या समुद्रसपाटीच्या, सापेक्ष असते, आणि जिऑइडही एक नाही: एसआरटीएम या उंचीच्या नकाशाला ईजीएम९६, कोपर्निकसच्या डीईएमला (डीईएम म्हणजे चौकटी-चौकटींत उंची देणारा नकाशा) ईजीएम२००८. जीएनएसएस, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या, यंत्राचा कच्चा आकडा तर पृथ्वीचा गणिती आकार मानलेल्या लंबगोलावरून येतो. रायगडच्या किनाऱ्यावर तो उणे साठ-पासष्ट मीटरच्या घरात दिसतो. यंत्र बिघडलेलं नसतं, शून्य वेगळं असतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कची, म्हणजे उंची नक्की केलेल्या खुणेची, उंची ही आणखी निराळी पद्धत.

उपाय साधा, पण कंटाळवाणा आहे. वहीत एक तक्ता करा आणि प्रत्येक माहितीसमोर तिचं शून्य लिहा. मग सगळं एकाच पातळीवर आणा. शक्य तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या सरासरी समुद्रपातळीवर, कारण बांधकाम खात्याचे आराखडे त्याच पातळीत असतात. आणि मुंबईचे आकडे दक्षिणेला उचलून नेऊ नका. भरती-ओहोटीतला फरक मुंबईकडून रत्नागिरी, गोव्याकडे जाताना कमी होत जातो. जवळच्या बंदराची भरतीची कोष्टकं पाहा, खाडीच्या आतल्या भागात तर स्वतः पट्टी रोवून एक उधाण आणि एक भांग मोजून घ्या.

जमिनीची उंची: इथे घाई नको

फुकट मिळणारे उंचीचे नकाशे पुष्कळ आहेत. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या रडारवरून आला. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम नंतरच्या जर्मन उपग्रहांच्या रडारवरून तयार झाला. भुवनवर इस्रोचा कार्टोसॅटचा डीईएम मिळतो. या सगळ्यांची एकच खोड: ते जमीन पाहत नाहीत, जमिनीवर जे काही उभं आहे त्याचा माथा पाहतात. चौल-रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्या, किनाऱ्यावरचं सुरूचं बन, खाडीतली खारफुटी हे सगळं त्यांना उंचवटा वाटतं. नकाशात वाडी कोरडी आणि मागची भातखाचरं ओली दिसतात, आणि वाडीत राहणारा माणूस निर्धास्त होतो. झाडं आणि इमारती गणिताने वजा केलेला फॅबडेम हा त्यातला बरा पर्याय आहे. मात्र त्याचा परवाना आधी वाचा, व्यावसायिक कामाला तो मोकळा नाही.

काहीही निवडा, पण तपासा. आरटीके या सेंटिमीटरभर अचूकतेच्या पद्धतीच्या जीएनएसएसने गावात ५०-६० ठिकाणी उंची घ्या: रस्त्याचा मध्य, देवळाची पायरी, मासळी बाजाराचा ओटा, खाचराचा तळ, वाडीतली पायवाट. उघड्यावरचे आणि झाडांखालचे बिंदू वेगळे ठेवा, कारण दोन्हीकडची चूक वेगळी येते. मग डीईएमचा आकडा वजा खरा आकडा, असा फरक काढा. सरासरी फरक म्हणजे एका बाजूचा कल, तो वजा करता येतो. उरलेला विस्कळीतपणा वजा होत नाही, तो पदरी घ्यावा लागतो. समजा तो १.५ मीटर निघाला, तर ९५ टक्के खात्रीसाठी त्याची १.९६ पट, म्हणजे साधारण ३ मीटर इकडे-तिकडे धरावं लागतं. अशा नकाशावर अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या खोलीचे सुंदर रंगीत पट्टे काढणं ही शुद्ध सजावट आहे. ड्रोनने किंवा लायडारने (लेझरने उंची मोजून) केलेलं सर्वेक्षण जिल्ह्याकडे असेल तर ते मिळवण्यात घालवलेला महिना वाया जात नाही.

आता खारबांध. खारभूमीचा बांध माथ्यावर जेमतेम दोन-तीन मीटर रुंद असतो, ३० मीटरच्या चौकटीत तो दिसतच नाही. पण खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या सखल भागातली, शेकडो एकर जमीन समुद्राबाहेर ठेवतो तोच. त्यामुळे बांधावर चालत जाऊन माथ्याची उंची घ्या, आणि ती रेषा डीईएममध्ये हाताने बसवा. बांधाच्या सर्वांत उंच जागेपेक्षा सर्वांत खचलेली जागा महत्त्वाची. पाणी तिथूनच येणार आणि खांडही (भगदाड) तिथेच पडणार. उघाडी (बांधातली पाणी बाहेर सोडायची दारं) कुठे आहेत, त्यांची झडप बसते का, की लाकूड अडकून अर्धी उघडी राहिली आहे, तेही टिपा. रस्त्याखालच्या मोऱ्या राहून गेल्या तर मॉडेलमध्ये रस्ता धरणासारखा वागतो.

समुद्राच्या तळासाठी जेबकोची जागतिक जाळी खोल भागाला ठीक आहे. किनाऱ्याजवळ राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी तक्ते वापरा, आणि त्यांचं शून्य चार्ट डेटम असतं हे विसरू नका. कुंडलिकेसारख्या खाडीत गाळ इतका सरकतो की जुना तक्ता फार मदत करत नाही. होडीवरून साध्या इको साउंडरने चार-पाच आडवे छेद घेतले तरी चित्र सुधारतं.

पहिला नकाशा, मॉडेलशिवाय

आता एक ढोबळ पाणीपातळी ठरवा. मुंबईचे आकडे धरले तर उधाणाची भरती १.९१, वर सर्ज १.५, लाटा फुटल्याने किनाऱ्यालगत चढणारं पाणी अदमासे ०.३, बेरीज ३.७ मीटर. खऱ्या समुद्रात हे घटक एकमेकांवर परिणाम करतात, नुसती बेरीज होत नाही. पहिल्या अंदाजाला ती चालते.

क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरने ३.७ पेक्षा सखल सगळ्या चौकटी काढल्या की बांधामागची, टेकडीमागची, समुद्राशी काही संबंध नसलेली तळीही बुडालेली दिसतात. त्यापेक्षा ग्रास या मोफत सॉफ्टवेअरमधलं आर.लेक हे साधन वापरा. समुद्रातला एक बिंदू आणि पाण्याची पातळी दिली की ते फक्त त्या बिंदूशी सलग जोडलेला भाग भरतं. नकाशा दोनदा काढा: बांध शाबूत धरून आणि खचलेल्या जागी बांध फुटला असं धरून. दोहोंमधला फरक हा कित्येकदा सर्वांत उपयोगी नकाशा ठरतो, कारण दुरुस्तीचा पैसा कुठे लावायचा ते त्यात दिसतं.

ही पद्धत पाण्याला हवा तेवढा वेळ आहे असं मानते. प्रत्यक्षात शिगेची पातळी तास-दोन तासच टिकते, आणि सपाट खाजणात पाणी तेवढ्या वेळात टोकापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून हा नकाशा बहुधा जास्तीचं पाणी दाखवतो. गाव रिकामं करण्याच्या नियोजनाला एवढा नकाशा खूप झाला, पुढे जायची गरजही नसते.

कोणतं वादळ चालवायचं?

वादळांचे मार्ग हवामान खात्याच्या बेस्ट ट्रॅक नोंदीत मिळतात: दर तीन-सहा तासांनी केंद्राची जागा, दाब, वारा. कोकणाची अडचण अशी की इथे किनाऱ्यावर चढलेली वादळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नोव्हेंबर १९४८ मधलं मुंबईजवळचं वादळ, नोव्हेंबर २००९ चं फयान, मग २०२० चं निसर्ग. मे २०२१ चं तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत उतरलं. जाता जाता एक इशारा: इंटरनेटवरच्या याद्यांत १८८२ साली मुंबईत एक लाख बळी घेणारं चक्रीवादळ सापडेल. त्या काळच्या नोंदींत त्याचा मागमूस नाही, अभ्यासकांनी ते निराधार ठरवलं आहे. तरी ते सरकारी सादरीकरणांतही डोकावतं. तुमच्या आकडेमोडीत ते घालू नका.

इतक्या थोड्या वादळांवरून धोका मोजता येत नाही, म्हणून बनावट वादळं करायची. निसर्गचा मार्ग उचलून २० किलोमीटर उत्तरेला, ४० किलोमीटर उत्तरेला, तसाच दक्षिणेला सरकवा. वारा वाढवा, वेग कमी-जास्त करा. उत्तर गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे ईशान्येकडे येणाऱ्या वादळात केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्रावर. निसर्गच्या वेळी मुंबई उत्तरेच्या बाजूला राहिली. मार्ग थोडा वर सरकवला की चित्र पालटतं, आणि नेमकं तेच पाहायचं आहे.

प्रत्येक वादळ वेगवेगळ्या भरतीवर चालवा. उधाण आणि भांग, चढतं पाणी आणि उतरतं. किमान आठ वेळा घ्या. बंगालच्या उपसागरात ओडिशाला १९९९ च्या महाचक्रीवादळात पाच-सहा मीटर पाणी चढलं, तिथे सर्ज एवढा मोठा की भरती दुय्यम ठरते. कोकणात मात्र भरती-ओहोटीतला फरक सर्जच्या दुप्पट असू शकतो. इथे घड्याळ वादळाइतकंच महत्त्वाचं.

वाऱ्याचा आकडा वापरण्यापूर्वी तो किती मिनिटांच्या सरासरीचा आहे ते पाहा. आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकी नौदलाचं केंद्र एका मिनिटाची, आणि बहुतेक मॉडेलना दहा मिनिटांची लागते. दहा मिनिटांचा आकडा एका मिनिटापेक्षा ७ ते १२ टक्के कमी असतो. पाण्यावरचा जोर वाऱ्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे वाऱ्यातली १० टक्के चूक जोरात २१ टक्के होते.

मॉडेल

मॉडेल चालवण्याआधी कागदावर एक हिशेब करा, म्हणजे संगणकाने काहीही सांगितलं तर ओळखता येईल. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येतं. निसर्गच्या केंद्रात दाब ९८४ होता, भोवताली १००८ धरा, २४ सेंटिमीटर. उरलेलं काम वाऱ्याचं. ताशी १०८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ३० मीटरचा वारा पाण्यावर दर चौरस मीटरला सुमारे २.७ न्यूटन जोर लावतो. ५० किलोमीटर लांब, २० मीटर खोल पट्ट्यावर तो टिकून राहिला, तर पाणी किनाऱ्याशी साधारण ०.६७ मीटर चढतं. खोली १० मीटर केली की १.३४. मुंबईसमोरचा उथळ समुद्र ३०० किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो; तीच ताकद असलेलं वादळ उत्तर कोकणात जास्त पाणी का चढवतं याचं उत्तर यात आहे. मॉडेलने अशा वादळाला पाच मीटर सांगितले, तर आनंदून किंवा घाबरून न जाता आधी एकक तपासा.

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा सर्जचा इशारा एडीसिर्क या मॉडेलवर चालतो. त्याची जाळी त्रिकोणांची, खोल समुद्रात विरळ आणि किनाऱ्याशी दाट. ताकदवान आहे, पण नवख्याला जड. गावपातळीसाठी डेल्टारेस या डच संस्थेचं स्फिंक्स हे मॉडेल मला जास्त सोयीचं वाटतं: मोफत आहे, साध्या संगणकावर चालतं. बाहेरच्या समुद्रासाठी डेल्फ्ट-३डी किंवा एडीसिर्क, आतल्या जमिनीसाठी स्फिंक्स, अशी जोडणी नेटकी बसते.

मांडणी अशी करा. बाहेरची सीमा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब, खोल पाण्यात. सीमेवर भरती टीपीएक्सओ किंवा एफईएस२०१४ या जागतिक भरती-मॉडेलवरून. वादळ सोडण्याआधी नुसती भरती पाच-सहा दिवस चालू द्या आणि ती कोष्टकाशी जुळते का पाहा. ती जुळत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. वाऱ्याचं क्षेत्र हॉलंडच्या सूत्राने: केंद्रदाब, भोवतालचा दाब, कमाल वाऱ्याची त्रिज्या. ही त्रिज्या सगळ्यांत अनिश्चित असते, म्हणून २०, ३५, ५० किलोमीटर असे तीन अंक घेऊन चालवा. तळाच्या खरखरीतपणाचा मॅनिंग गुणांक उघड्या समुद्रात ०.०२ च्या आसपास, भातखाचरांत ०.०३ ते ०.०५, खारफुटीत ०.१ किंवा जास्त.

पायरीचा काळ, म्हणजे मॉडेल दर किती सेकंदांनी हिशेब करतं ते, ठरवताना लाटेचा वेग पाहावा लागतो. १० मीटर खोलीत तो सेकंदाला सुमारे ९.९ मीटर. चौकट २० मीटरची असेल तर लाट ती दोन सेकंदांत ओलांडते. पायरी त्याहून मोठी ठेवली, तर स्फिंक्ससारखी मॉडेल बिघडतात आणि मग कोपऱ्यात कुठेतरी चाळीस मीटर पाणी उभं राहतं.

पाऊस विसरू नका. जूनमध्ये वादळ आलं की समुद्र बाहेरून आणि नदी आतून. भरती चढली की उघाडीच्या झडपा बंद होतात आणि खाजणात पडलेला पाऊस तिथेच कोंडतो. स्फिंक्समध्ये पाऊस आणि नदीचा प्रवाह दोन्ही घालता येतात, ते घालाच.

खरं आहे का, हे गावात विचारा

भरतीमापकाच्या नोंदीतून कोष्टकाची भरती वजा केली की सर्ज उरतो. इथे घड्याळाचा घोळ ठरलेला. मुंबईत उधाणाचं पाणी मध्यावर तासाला सुमारे ९० सेंटिमीटरने चढतं, म्हणजे दहा मिनिटांची चूक १५ सेंटिमीटरचा खोटा सर्ज दाखवते. नोंद जागतिक वेळेत आणि कोष्टक आपल्या वेळेत असेल तर साडेपाच तासांचा फरक, मग विचारायलाच नको.

भरतीमापक एखाद-दोन बंदरांतच असतात, गावातली नोंद माणसांकडे. 'पूर आला होता का?' असं विचारू नका, 'पाणी कुठल्या पायरीला लागलं?' असं विचारा आणि त्या पायरीची उंची लगेच मोजा. पाणी पावसाचं होतं की समुद्राचं, हे वेगळं काढावं लागतं. विहीर मचूळ झाली का, किती दिवस? सुपारी शेंड्याकडून करपली का? खाचरात पुढच्या वर्षी भात आलं का? कोळीवाड्यातल्या बायका होड्या कुठवर ओढून ठेवतात, हा प्रश्नही फार बोलका आहे. तीन वेगळ्या घरांत एकच खूण मिळाली तरच ती पक्की धरा.

शक्यता आणि समुद्राची वाढ

शंभर वर्षांतून एकदा येणारी पातळी म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांच्या काळात, म्हणजे घराच्या कर्जाच्या मुदतीत, ती २६ टक्के होते. ग्रामसभेत हा दुसरा आकडा सांगा. कोकणापुरती नोंद इतकी तोकडी आहे की शंभर वर्षांची पातळी सेंटिमीटरपर्यंत देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, पट्टा द्यावा. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ नंतर वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढते आहे. बांधाचं आयुष्य ५० वर्षं धरलं तर आजच्याच वेगाने १६-१७ सेंटिमीटर, आणि वेग वाढता आहे. शाळा-दवाखान्यासाठी यापेक्षा सढळ हाताने धरा.

नकाशा लोकांसमोर ठेवताना

अंतिम नकाशात पातळी नको, खोली द्या: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, डोक्यावर. त्यावर शाळा, दवाखाना, निवारा, रोहित्रं, पेट्रोल पंप, आणि बाहेर पडायचा रस्ता किती वाजता पाण्याखाली जातो ती वेळ. रस्ता बंद होण्याची वेळ तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला सगळ्यांत उपयोगी पडते, आणि अहवालांत तीच सापडत नाही. सीमारेषा एकच ठळक ओढू नका, 'नक्की' आणि 'कदाचित' असे दोन रंग ठेवा. ठळक रेषेच्या पलीकडचं घर स्वतःला सुरक्षित समजतं. मोठ्या कागदावर छापून ग्रामपंचायतीत टांगा, शेजारी पेन्सिल बांधून ठेवा. लोक चुका दाखवतात.

नकाशावर तारीख घाला आणि तो पुन्हा कधी करायचा ते त्याच्यावरच लिहा: खारबांधाला खांड पडली की, खारफुटी तुटली की, किंवा रेवस-रेड्डी सागरी महामार्गासारख्या कामाचा भराव खाजणातून गेला की. भराव पडल्यावर आधीचा डीईएम त्या भागापुरता बाद समजा, आणि नव्या रस्त्याखाली मोऱ्या किती ठेवल्या ते ठेकेदाराच्या नकाशावरून न घेता जागेवर जाऊन मोजा.